नाकाचा रकाना

रोजगार मंडळाचं ऑफिस सोमवारी साडेनऊला उघडायचं, पण बाकावर टेकायला जागा हवी असेल तर आठच्या आत पोचावं लागे. बॉयलरवाला आणि त्याची बायको पावणेआठला पोचली, तरी त्यांच्या आधी अकरा माणसं होती. त्यातल्या एका सुताराने करवत फडक्यात गुंडाळून सोबत आणली होती. चिठ्ठी मिळाली की तसंच कामावर जायचं, असं तो शेजारच्याला सांगत होता. शेजारचा हसला नाही.

सूतगिरणी बंद होऊन सात महिने झाले होते. बॉयलरच्या धुराड्यात पाखरांनी घरटी केली होती. तरी त्याला सगळे बॉयलरवालाच म्हणत, आणि तीही परक्यांसमोर नवऱ्याचा उल्लेख तसाच करी. बावीस वर्षं त्याने एकच काच आणि एकच काटा बघत काढली होती. एक दिवस उशीर नाही, एक दिवस खाडा नाही.

त्याच्या मांडीवर पिवळं कार्ड होतं आणि कार्डावर दोन लाल शिक्के. मंडळाची रीत अशी, की आसपासचे कारखानदार, गोदामवाले, दवाखाने आपल्याला कसा माणूस हवा ते मंडळाला कळवणार, आणि मंडळ कार्डांचा गठ्ठा चाळून जुळणाऱ्या माणसाच्या हाती चिठ्ठी देणार. चिठ्ठी घेऊन जायचं, काम करून दाखवायचं. महिनाभर टिकलं तर मंडळातल्या मॅडम स्वतः येऊन सही करणार आणि माणूस पक्का होणार. नाही टिकलं तर मालक चिठ्ठीच्या पाठीवर कारण लिहून ती परत धाडणार आणि कार्डावर शिक्का पडणार. तीन शिक्के पडले की कार्ड खालच्या कप्प्यात. खालचा कप्पा वर्षभर कुणी उघडत नसे.

पहिली चिठ्ठी दवाखान्याच्या धुलाईघराची होती. तिथे त्याचं वय बघूनच ती परत आली. दुसरी बेकरीची. तिथे तो तीन दिवस टिकला. तिसऱ्या दिवशी तो भट्टीपुढे उभा असताना पावाचा अख्खा घाणा कोळसा झाला. मालक मागच्या खोलीतून धावत आला. मागच्या खोलीत बसलेल्या माणसाला करपल्याचा वास गेला आणि हातभरावर उभ्या असलेल्याला नाही, हे त्याला पटेना. त्याने चिठ्ठीच्या पाठीवर लिहिलं, ‘कामात लक्ष नाही’. बॉयलरवाल्याने ते वाचलं, कागदाची घडी केली आणि खिशात ठेवली. खरं कारण त्याने सांगितलं नाही.

खरं कारण दोघांनाच माहीत होतं. थंडीत त्याला नऊ दिवस ताप आला होता. ताप उतरला, अंगात ताकद आली, पण वास गेला तो गेलाच. एका दुपारी चुलीवर दूध करपून काळं झालं आणि तो शेजारी बसून चपलेला खिळा ठोकत राहिला, तेव्हा तिच्या लक्षात आलं. तिने त्याला डोळे मिटायला लावले आणि एकेक वस्तू नाकाखाली धरली. साबण, रॉकेलची बाटली, लेकीचे चार दिवस न धुतलेले मोजे. तो ठोकळ्यासारखा बसून होता. मग तिने कांदा कापून धरला, तर त्याच्या डोळ्यांत पाणी आलं.

“कांदा,” तो आशेने म्हणाला.

“वास आला?”

“नाही. चुरचुरलं.”

त्या दिवसापासून हे कुणाला सांगायचं नाही असं ठरलं नव्हतं, तरी दोघांनी ते कुणाला सांगितलं नव्हतं. सासूलाही नाही.

त्याचा नंबर सव्वाअकराला लागला. मंडळातल्या मॅडम तिशीच्या असतील. पेन हरवू नये म्हणून त्यांनी ते दोरीने टेबलाला बांधलं होतं. त्यांनी कार्ड पाहिलं, शिक्के पाहिले आणि गठ्ठ्यातली एक चिठ्ठी वर काढली.

“दादा, ही तुमच्यासाठीच बाजूला ठेवली होती. बटाट्याचं कोल्ड स्टोरेज. हंगाम सुरू होतोय, त्यांना मशीनघरावर माणूस हवाय. तुम्ही बावीस वर्षं दाबाचा काटा बघितलाय, मी फोनवर तेच सांगितलं त्यांना.” त्यांनी चिठ्ठी कार्डावर ठेवली. “मी शब्द टाकलाय तुमच्यासाठी.”

बॉयलरवाल्याने मान हलवली. त्याच्या मानेवरची शीर उडत होती, ती तिला बाजूने दिसत होती.

मशीनघराचं काम असल्याने मॅडमनी कार्डावरची तपासणी नव्याने केली. भिंतीवरची अक्षरं वाचायला लावली, ती त्याने खालच्या ओळीपर्यंत वाचली. मागे जाऊन पुटपुटल्या, ते त्याने जसंच्या तसं सांगितलं. हात, पाय, पाठ, लिहिणं-वाचणं. सहा रकाने, सहा बरोबरच्या खुणा. प्रत्येक खुणेला बायकोला वाटे, आता पुढचा प्रश्न तो असेल. पण पुढचा प्रश्न नव्हताच. कार्ड करणाऱ्याला माणसाचे डोळे आठवले होते, कान आठवले होते. नाक आठवलं नव्हतं.

“आणखी काही सांगण्यासारखं?” मॅडमनी पेन खाली ठेवता ठेवता विचारलं.

तिने जमिनीकडे पाहिलं. फरशीच्या फटीत एक टाचणी अडकली होती.

“नाही,” तो म्हणाला.

बाहेरच्या फळ्यावर कोल्ड स्टोरेजच्या नावाखाली आणखी एक ओळ होती. निवडणीला चाळीस बायका पाहिजेत, कार्ड लागत नाही, फाटकावर मुकादमबाईला भेटणे. ती ओळ तिने दोनदा वाचली.

“मी पण जाते निवडणीला,” ती म्हणाली.

तो तिच्याकडे बघत राहिला. का, ते त्याने विचारलं नाही.

*

कोल्ड स्टोरेज गावाबाहेर माळावर होतं. खिडकी नसलेली जाड भिंतींची इमारत, तिला चिकटून निवडणीची शेड आणि दोघांच्या मध्ये मशीनघर. इमारतीच्या डोक्यावर एका काठीला लाल फडकं बांधलेलं होतं. ते कशाला, ते बॉयलरवाल्याला पहिल्याच दिवशी मशीनमास्तरांनी सांगितलं, आणि संध्याकाळी घरी परतताना त्याने तो सगळा पाठ बायकोला शब्दन् शब्द म्हणून दाखवला.

मास्तर बुटके होते आणि त्यांचा आवाज बसलेला होता, वाळू चाळल्यासारखा. असा का, ते त्यांनी आपण होऊन सांगितलं होतं. एकदा पळायला उशीर झाला. दोघं होतो. मी निदान बोलतो तरी.

थंडावा अमोनियाच्या जोरावर होता. तो नळ्यांतून फिरतो तोवर गुणी, सुटला की बैल. माणसाच्या घशातलं, डोळ्यांतलं पाणी शोधत येतो. त्याचा काटा बघायचा, कॉम्प्रेसरचा आवाज ऐकायचा, पण काटा आणि आवाज उशिरा बोलतात. सगळ्यात आधी बोलतं ते नाक. थोडासा सुटला तरी नाकाला कळतं, आणि तेव्हाच व्हॉल्व्ह बंद केला तर कुणाला काही होत नाही. मात्र आत बसून राहिलं की नाकाला सवय होते, मग ते काही सांगत नाही. म्हणून दर अर्ध्या तासाने बाहेर यायचं, मोकळ्या हवेत दहा श्वास घ्यायचे आणि मग आत पाऊल टाकायचं. दारातला पहिला श्वास खरा. वास आला की गंधकाची वात पेटवून एकेका जोडाजवळ न्यायची, जिथे दाट पांढरा धूर उठेल तिथे गळती. आणि जास्त असेल तर घंटा मारून फडक्याकडे बघायचं. वारा येतो त्या बाजूला पळायचं.

“तुम्ही काय म्हणालात?” तिने विचारलं.

“हो मास्तर, म्हणालो.”

रस्त्याच्या कडेला ट्रॅक्टरमधून सांडलेले बटाटे पडले होते. दोघं ते चुकवत चालत राहिली.

“वात आहे ना,” थोड्या वेळाने तो म्हणाला. “वास कळून वात लावतात. मी आधीच लावीन. दर फेरीला, सगळ्या जोडांना. धूर दिसेल. डोळे चांगले आहेत माझे.”

ती म्हणाली, बरं.

*

निवडणीचं काम सकाळी सातला सुरू होई. शेडमध्ये बटाट्यांचे ढीग, ढिगांभोवती बुटक्या पाटांवर चाळीस बायका. चांगला उजवीकडे, कापलेला डावीकडे, हिरवा पडलेला पायाशी, आणि नासका मागच्या बादलीत. तीन दिवसांत तिच्या बोटांच्या पेरांना चिरा पडल्या आणि त्यांत माती भरली. पाठ वाकली की सरळ व्हायला वेळ लागे. पण तिचा जीव हातात नव्हता, नाकात होता.

नासक्या बटाट्याचा वास अंगावर येणारा असतो. बादली भरली की डोकं दुखायला लागे, आणि त्या वासाखाली दुसरा बारीक वास आलाच तर आपल्याला कळणार का, या विचाराने तिला बसवत नसे. मग ती उठे. पाण्याचा नळ मशीनघराच्या दाराशी होता. ओंजळीने पाणी प्यायचं, दारापाशी एक श्वास घ्यायचा आणि परत यायचं. तासाला दोनदा, कधी तीनदा.

“नवीला तहान फार,” मुकादमबाई म्हणाली.

“पाण्याची नाही हो ती तहान,” शेजारची म्हातारी निवडणारी म्हणाली. “नवरा दिसतो ना तिथून. लग्नाला बारा वर्षं झाली म्हणते, अजून ही गत.”

सगळ्या हसल्या. तीही हसली, कारण न हसून चाललं नसतं. मुकादमबाईने मात्र पुढच्या दिवशी तिची हजेरी लिहिताना सांगून टाकलं, की नळावर जायचं तर जेवणाच्या सुट्टीत जा, इतर बायका बघतात. त्यावर तिने सांगितलं, मला मुतखड्याचा त्रास आहे, डॉक्टरांनी पाणी प्यायला सांगितलंय. ती आयुष्यात इतकं सरळ खोटं कधी बोलली नव्हती. त्या रात्री जेवताना घास गिळताना तिला ते आठवत राहिलं, आणि जास्त भीती याची वाटली, की खोटं बोलणं सोपं होतं.

नळावरून मशीनघराची काच दिसे. काचेमागे तिचा नवरा हातात वात घेऊन एकेका जोडाजवळ वाकायचा. वातीच्या टोकाला निळी बारीक ज्योत. तो असा सावकाश फिरे, जणू झोपलेल्या जनावराच्या अंगावरून हात फिरवतोय. दहाव्या दिवशी स्टोअरवाल्याने कुरकूर केली. म्हणे मागच्या हंगामात महिन्याला गंधकाची चार पुडकी पुरायची, यंदा दहा दिवसांत सहा संपली. मास्तरांनी ते ऐकलं आणि सगळ्यांसमोर म्हणाले, नाकाला कळण्याआधी वात लावणारा माणूस मला तीस वर्षांत पहिल्यांदा मिळाला. लागतील तेवढी पुडकी द्या याला.

बॉयलरवाल्याने मान खाली घातली. बघणाऱ्यांना तो विनय वाटला.

*

बाराव्या दिवशी संध्याकाळी त्याने शर्ट काढून खुंटीला अडकवला आणि पाण्याला गेला. ती तो शर्ट धुवायला घ्यायला गेली आणि शर्ट हातात धरून तशीच उभी राहिली.

वास बारीकसाच होता. लहान मुलाच्या ओल्या दुपट्यासारखा, पण जास्त धारदार. उजव्या बाहीवर जास्त, खांद्यावर त्याहून जास्त. तिने शर्ट नाकापासून दूर धरला, दारात जाऊन बाहेरची हवा घेतली, परत आली आणि पुन्हा हुंगला. शंका उरली नाही.

कोपऱ्यात सासू खोकत होती. तिला बारा महिने सर्दी, तिला वास कळायची भीती नव्हती. लेक अभ्यासाला बसली होती. ती शर्ट घेऊन मागच्या अंगणात गेली. तो तोंडावर पाणी मारत होता, आणि उजेड कमी असूनही त्याचे डोळे लाल दिसत होते.

“आज तुम्ही त्यात उभे होतात,” ती म्हणाली.

त्याने शर्टाकडे पाहिलं. मग शर्ट हातात घेऊन त्याने स्वतः हुंगला, खोल, जोर लावून, जणू जोर लावल्याने येईल. त्याचा चेहरा बघवेना.

“डोळे चुरचुरत होते दुपारी. मला वाटलं धूळ.”

“सांगू या. उद्या मास्तरांना सांगू या. ते भले आहेत.”

“भले आहेत म्हणून ठेवतील का?” त्याचा आवाज चढला नव्हता, त्यामुळे ती जास्त घाबरली. “नाक नसलेला माणूस मशीनघरात? मीच ठेवला नसता. आणि तिसरा शिक्का. मग वर्षभर मी काय करू? दारात बसून तुझी वाट बघू?”

“पलीकडे चाळीस बायका आहेत.”

“माहीत आहे मला.”

“मी आहे.”

तो हातातला शर्ट पिळत राहिला. शर्ट कोरडा होता.

“अठरा दिवस,” शेवटी तो म्हणाला. “मॅडमची सही होऊ दे. एकदा पक्का झालो की मी स्वतः सांगतो. मागून घेतो दुसरं काम, हमाली देतील. पक्क्या माणसाला एकदम घालवता येत नाही.”

दुसऱ्या दिवशी दुपारी तो काचेतून तिला दिसला, तेव्हा त्याच्या हातात वात नव्हती, पान्हा होता. उजव्या खांद्याच्या उंचीवर एक व्हॉल्व्ह होता, त्याच्या दांडीवरचा नट तो अंगाचा भार टाकून आवळत होता. परतताना त्याने सांगितलं, गळती सापडली. दांडीभोवतीच्या पॅकिंगमधून अमोनिया येत होता, केसाएवढा. नट आवळून टाकला. वात लावून बघितली, धूर नाही.

“मास्तरांना सांगितलं?”

“सांगितलं तर विचारतील, वास कधी आला.”

त्या संध्याकाळी शर्टाला नुसता घामाचा वास होता. तिने देवाचे आभार मानले आणि दिवस मोजायला घेतले. सतरा. सोळा. रोज शर्ट हुंगायचा, रोज एक दिवस वजा करायचा. लेकीने विचारलं, आई, तू बाबांचे कपडे सारखे का हुंगतेस? ती म्हणाली, धुवायचे की नाही ते बघते. पंधरा. सहा. तीन.

*

तिसाव्या दिवशी सकाळपासून गरम वारा सुटला होता. माळावरची माती उडून बटाट्यांवर बसत होती, म्हणून मुकादमबाईने शेडचे वाऱ्याकडचे दोन्ही दरवाजे लावून घेतले. छताखालच्या झरोक्यांतून तेवढा उजेड येत होता. वारा नाही म्हणून बायकांना बरं वाटलं. तिला गुदमरल्यासारखं झालं.

अकराच्या सुमाराला मॅडम आल्या. खांद्याला पिशवी, हातात पिवळ्या कार्डांचा गठ्ठा. मास्तर त्यांना शेडमधूनच मशीनघराकडे घेऊन गेले. जाताना मॅडमनी तिला ओळखलं आणि हसून मान हलवली. मास्तर त्यांना सांगत होते, असा माणूस पाठवत जा, ठेकेदार नुसते हात पाठवतात, डोकं घरी ठेवून.

ती नळावर गेली. कुणी काही म्हटलं नाही, तिच्या खड्याची सगळ्यांना आता सवय झाली होती. तिने ओंजळ धरली, पाणी प्यायली, सरळ झाली आणि दारापाशी श्वास घेतला.

होता.

तिने मान वळवून शेडकडची हवा घेतली. नासका बटाटा, माती, घाम. पुन्हा दाराकडे. होता, आणि शर्टावर होता तसा बारीक नव्हता. घशाच्या मागे सुई टोचल्यासारखा.

काचेमागे तिचा नवरा काट्याकडे बोट दाखवून मॅडमना काही समजावत होता. त्याने धुतलेला शर्ट घातला होता, केसांना पाणी लावून ते बसवले होते. मॅडम काट्यावर वाकून वहीत लिहीत होत्या. मास्तर बाहेर फाटकावरच्या ट्रॅक्टरवाल्याशी बोलायला गेले होते. व्हॉल्व्ह त्याच्या उजव्या खांद्यामागे, हातभरावर. त्याने एकदा डोळ्याच्या कोपऱ्याला बोट लावलं, चोळलं आणि पुन्हा बोलायला लागला.

पाच मिनिटांत सही होणार होती. पाच मिनिटं थांबलं तर काय होतं, हा विचार तिच्या मनात आला, पूर्ण आला, शब्दांसकट. पुढे आयुष्यभर तिला त्या विचाराचीच भीती वाटणार होती. मग तिने मागे पाहिलं. बंद दरवाजे, ढिगांभोवती वाकलेल्या चाळीस पाठी. म्हातारी निवडणारी कसलीशी गोष्ट सांगत होती आणि दोघी तोंडाला रुमाल लावून हसत होत्या.

ती चालत मुकादमबाईपाशी गेली. पळाली असती तर बायका एकमेकींवर पडल्या असत्या.

“मुकादमबाई, अमोनियाचा वास येतोय. वाऱ्याकडचे दरवाजे उघडा आणि सगळ्यांना तिकडून काढा.”

“कुठे येतोय? मला नाही आला.”

“तुम्ही बादलीपाशी बसलाय. मला येतोय. घंटा मी मारते.”

तिने घंटा मारली. काचेमागे त्याने वळून पाहिलं, आणि तिच्या हातातली घंटेची दोरी पाहून त्याला सगळं समजलं. तिने पाहिलं, की तो क्षणभरसुद्धा थांबला नाही. त्याने मॅडमना दंडाला धरून दारातून बाहेर ढकललं आणि स्वतः आत राहिला. मुख्य व्हॉल्व्हचं चाक दोन्ही हातांनी फिरवायला लागला. तेवढ्यात मागच्या पॅकिंगने फुस्स केलं आणि पांढरा फवारा त्याच्या खांद्यावरून सरळ भिंतीवर गेला.

*

सगळ्या बायका माळावर होत्या, वाऱ्याकडे तोंड करून. मुकादमबाईने दोनदा मोजल्या. चाळीस भरल्या. चौघींना खोकला लागला होता, एकीला ओकारी झाली. बॉयलरवाला मातीत बसला होता आणि मास्तर त्याच्या डोळ्यांत पाण्याची धार धरून होते. त्याच्या उजव्या मानेवर कातडी भाजल्यासारखी लाल झाली होती. तिने त्याचा हात धरला.

मास्तर तोंडाला ओलं फडकं बांधून आत जाऊन आले. मघाचं कौतुक त्यांच्या आवाजातून गेलं होतं.

“त्या नटला पान्हा कुणी लावला? पॅकिंग चिरडून ठेवलंय. तेव्हाच मला सांगितलं असतं तर नवं घातलं असतं, दहा मिनिटांचं काम.”

“मी लावला,” तो म्हणाला.

“का?”

मॅडम दोन पावलांवर उभ्या होत्या. त्यांच्या केसांत माती गेली होती आणि हातातला गठ्ठा त्यांनी छातीशी धरला होता.

“दादा, तुम्ही तिथेच उभे होतात,” त्या हळू म्हणाल्या. “मला घशात खवखवत होतं, मला वाटलं इथे असंच असतं. तुम्हाला वास आला नाही?”

“मला येत नाही.” त्याने ओल्या, लाल डोळ्यांनी वर पाहिलं. “कशाचाच. थंडीपासून.”

म्हाताऱ्या निवडणारीने तिच्याकडे पाहिलं, नळाकडे पाहिलं, पुन्हा तिच्याकडे पाहिलं आणि तोंड मिटून घेतलं. तहानेचा अर्थ तिला लागला होता.

मॅडमनी त्याचं कार्ड काढलं. सहा रकाने, सहा खुणा. त्या बराच वेळ कार्डाकडे बघत राहिल्या, जणू त्यात चूक शोधत होत्या आणि ती सापडत नव्हती. “मी विचारलंच नव्हतं,” त्या स्वतःशी म्हणाल्या. मग शिक्का मारला. तिसरा. मारताना त्यांनी तो नेहमीसारखा आपटला नाही, टेकवला.

मास्तर उकिडवे बसले. बॉयलरवाल्याच्या मानेवर पाणी ओतत, पण तिच्याकडे बघत, त्यांनी विचारलं, तुला कुठे आला? तिने नळ दाखवला. किती वेळा जायचीस? तिने सांगितलं. आधी बाहेरची हवा घ्यायचीस का? तिने सांगितलं, हो, तुम्ही यांना शिकवलं होतं तसंच. मास्तरांनी डबा खाली ठेवला.

“मॅडम,” ते म्हणाले, “मशीनघराची जागा आता रिकामी आहे. हिचं कार्ड आहे का?”

तिला वाटलं, आपल्याला ऐकू आलं ते खरं नाही. तिने नवऱ्याकडे पाहिलं. त्याने डोळे मिटून घेतले होते, त्यांतून पाणी वाहत होतं, पण ते मघापासून वाहत होतं.

मॅडमनी पिशवीतून कोरं कार्ड काढलं. डोळे विचारले, कान विचारले, हात, पाय, पाठ, लिहिणं-वाचणं. मग कार्डाच्या तळाशी, जिथे काहीच छापलेलं नव्हतं, तिथे त्यांनी पेनाने एक चौकोन काढला. रेघा वाकड्या आल्या, कारण कार्ड गुडघ्यावर होतं. चौकोनाशेजारी त्यांनी लिहिलं, नाक.

“येतो वास?”

ती उत्तर देईना, तेव्हा मातीत बसलेला तिचा नवरा डोळे न उघडता म्हणाला,

“तिला येतो. लिहा.”

*

आता ती रोज मशीनघरात असते. पगाराला तिच्या नावाची चिठ्ठी आहे. मास्तरांनी त्याला हंगाम संपेपर्यंत फाटकावर पोती उतरवायला ठेवलं, ते मंडळाच्या हिशोबात धरत नाहीत. बायका त्याला चिडवत नाहीत. चिडवलं असतं तर बरं झालं असतं, असं त्याच्याकडे बघून वाटतं. गंधकाच्या वाती मात्र अजून तोच वळून देतो, सकाळी दहा मोजून तिच्या डब्याच्या पिशवीत ठेवतो.

दर अर्ध्या तासाने ती बाहेर येते. काठीवरच्या फडक्याकडे बघते. दहा श्वास मोजते, आत पाऊल टाकते आणि पहिला श्वास घेते. काही नसतं. आणि काही नसलं की तिची भीती वाढते, कारण वास खरंच नाही की तिला येत नाही, हे सांगणारं तिच्या पलीकडे कुणी नाही. तो महिनाभर कसा फिरला असेल त्या जोडांमधून, ते तिला आता कळतं. मग ती खिशातून साबणाचा तुकडा काढते, हुंगते आणि पुन्हा श्वास घेते.

घरी तिने अंथरूण सर्दीवाल्या सासूपासून दूर, दारापाशी नेलंय. सासूला त्याचा राग आलाय आणि कारण सांगता येत नाही.

काल सकाळी ती निघताना लेक डबा घेऊन धावत दारापर्यंत आली. डबा हातात देता देता तिने नाक चोळलं, तोंड वर केलं आणि शिंकली. पुन्हा शिंकली. डोळे पाणावून हसली आणि नेहमीसारखी आईच्या कमरेला मिठी मारायला पुढे आली.

ती एक पाऊल मागे सरली. तोंडावर रुमाल कधी गेला ते तिला कळलंच नाही. पोरगी हात पसरून तशीच उभी राहिली, आणि पायरीवर वाती मोजत बसलेल्या तिच्या नवऱ्याची बोटं सातव्या वातीवर थांबली.